भिवंडी ते बिजासन : ट्रकच्या धुराची रस्त्याकाठची दुरुस्ती

मुंबई–आग्रा रस्त्याचा भिवंडीपासून बिजासन घाटापर्यंतचा टप्पा प्रवासवर्णनांत येतो तो बहुधा कसारा घाटातील पावसाळी धुक्यासाठी, चांदवडच्या रंगमहालासाठी किंवा धुळ्याच्या अलीकडे रस्त्यावर नजर ठेवून असलेल्या लळिंगच्या किल्ल्यासाठी. त्याच रस्त्याच्या कडेने पसरलेल्या गॅरेजांकडे, टायरच्या दुकानांकडे आणि पाटे ठोकणाऱ्यांच्या भट्ट्यांकडे पाहण्यासाठी थांबणारा प्रवासी विरळा. तथापि गेल्या काही वर्षांत मालवाहतुकीत जो सर्वांत मोठा तांत्रिक बदल घडला, त्याचे बरेवाईट परिणाम पाहावयाचे असतील तर ते या गॅरेजांतच पाहावे लागतात. इंजिनातून निघणारा धूर हवेत जाण्यापूर्वी स्वच्छ करणारी यंत्रणा ट्रकांवर चढली, आणि ती वाटेत बिघडली तर तिचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र बरेचसे रस्त्यावरच सोडून देण्यात आले.

या बदलामागे भारत स्टेज ही नियममालिका आहे. वाहनांतून बाहेर पडणाऱ्या प्रदूषकांवर मर्यादा घालणारे हे नियम युरोपीय नियमांच्या धर्तीवर इ. स. २००० पासून टप्प्याटप्प्याने लागू होत गेले. चौथा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून देशभर आला; पाचवा टप्पा सरळ वगळून सहावा १ एप्रिल २०२० पासून लागू करण्यात आला, आणि ३१ मार्च २०२० नंतर चौथ्या टप्प्यातील वाहन विकता किंवा नोंदवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशाने त्याआधीच बजावून ठेवले होते. अवजड डिझेल इंजिनाला स्थिर वेगाच्या चाचणीत प्रत्येक किलोवॉट-तास कामामागे नायट्रोजनची ऑक्साइडे ३.५ ग्रॅमपर्यंत सोडण्याची जी मुभा चौथ्या टप्प्यात होती, ती सहाव्यात ०.४ ग्रॅमवर आली, तर डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांपर्यंत उतरवण्यात आले. एवढी मोठी उडी केवळ इंजिनात सुधारणा करून साधण्यासारखी नव्हती. धूर इंजिनाबाहेर पडल्यावर त्यावर वेगळी प्रक्रिया करणे अपरिहार्य झाले.

भिवंडीच्या गोदामांच्या पट्ट्यात माल भरण्याच्या प्रतीक्षेत उभ्या असलेल्या ट्रकांच्या रांगेत वाकून पाहिले असता, जुन्या ट्रकच्या लांबट, पिंपासारख्या सायलेन्सरच्या जागी पत्र्याने मढवलेली एक अवजड पेटी चासीला बोल्टांनी आवळून बसवलेली दिसते. ड्रायव्हर आणि मिस्त्री तिलाही सायलेन्सरच म्हणतात, पण आवाज कमी करणे हे आता तिचे दुय्यम काम आहे. इंजिनातून आलेला धूर प्रथम प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंचा लेप दिलेल्या उत्प्रेरकातून जातो. तेथे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन जळून जाते आणि नायट्रिक ऑक्साइडच्या काही भागाचे नायट्रोजन डायऑक्साइड बनते. पुढे लागते ती काजळीची गाळणी, जिला गॅरेजांत तिच्या इंग्रजी आद्याक्षरांनी डीपीएफ म्हणतात. सिरॅमिकच्या असंख्य बारीक नळ्या आलटून पालटून एकेका टोकाने बुजवलेल्या असल्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी अलीकडे अडकून राहते. कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तशी ती या भिंतींवर धरते. फरक एवढाच की काच उतरवून राखेने पुसता येते आणि ही गाळणी जागच्या जागी, आतली काजळी जाळून मोकळी करावी लागते. या जाळण्याला रिजनरेशन, आणि गॅरेजच्या बोलीत नुसते ‘रिजन’ म्हणतात. गाळणीतून सुटलेल्या धुरावर शेवटी युरियाच्या द्रावणाचा फवारा मारला जातो. शुद्ध पाण्यात वजनाने ३२.५ टक्के युरिया विरघळवून केलेले हे द्रावण डीईएफ या नावाने विकले जाते, पण ड्रायव्हरांच्या तोंडी ते ‘यूरिया’च असते. गरम धुरात त्यापासून अमोनिया तयार होतो, पुढच्या उत्प्रेरकावर तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग पावतो, आणि बाहेर पडतात ते निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्याची वाफ.

कागदावर पाहता ही रचना निर्दोष आहे, आणि तिने धुरातले विष खरोखर कमी केले आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तिचा सगळा आधार मात्र उष्णतेवर आहे. धुराचे तापमान साधारणपणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचल्याशिवाय फवारा सुरू करून उपयोग नसतो, कारण थंड धुरात युरियाचे अमोनियात नीट रूपांतर न होता तो नळीच्या वळणांवर पांढऱ्या खड्यांच्या रूपाने साचू लागतो. काजळी नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने आपोआप जळायची तरी २५० अंशांच्या वरचे तापमान लागते, आणि मुद्दाम इंधन जाळून ती पेटवायची असेल तर गाळणी ६०० अंशांपर्यंत तापवावी लागते. लांब पल्ल्याच्या सलग धावेत हे तापमान सहज मिळते. गोदामाच्या फाटकापाशी किंवा न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत इंजिन चालू ठेवून मुंगीच्या पावलांनी पुढे सरकणाऱ्या ट्रकला ते मिळत नाही. त्यातच १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. ड्रायव्हरांच्या दृष्टीने हा निर्णय फार पूर्वीच व्हायला हवा होता, यात शंका नाही. परंतु थंड केबिनसाठी उभ्या ट्रकचे इंजिन जितके अधिक चालेल, तितकी गाळणीत काजळी अधिक साचेल, हा त्याचा दुसरा अर्थ फारसा कोणी बोलून दाखवलेला नाही.

भिवंडीहून निघालेला भरलेला ट्रक पडघा, आसनगाव, शहापूर मागे टाकून कसारा घाटाला लागतो तेव्हा या यंत्रणेच्या दृष्टीने परिस्थिती पालटते. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथवरच्या चढणीत पूर्ण भाराखाली ओढणाऱ्या इंजिनाचा धूर इतका तापतो की गोदामाच्या दारात डॅशबोर्डवर पेटलेला, गाळणी भरल्याचा इशारा देणारा दिवा घाटमाथ्यावर कित्येकदा आपोआप विझतो. शहरात अडकलेल्या गाडीला ‘जरा ओढवून आण’ हा मिस्त्रीचा सल्ला त्यामुळे टोलवाटोलवी नसून रसायनशास्त्राला धरून दिलेला असतो. उलट, उतरणीला लागलेल्या रिकाम्या ट्रकात इंजिनावर भार नसल्याने धूर थंड पडतो. म्हणून एकाच घाटाच्या दोन दिशांना एकाच गाडीची वागणूक वेगळी दिसते, आणि नवख्या ड्रायव्हरला बिघाड येतो-जातो असे वाटू लागते.

घाटमाथ्यावरच्या ढाब्यांपाशी आणखी एक गोष्ट पाहायला मिळते, जिचा उल्लेख गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो पण जी क्वचितच पाळली जाते. किल्ली फिरवून इंजिन बंद केल्यावर बऱ्याच ट्रकांत युरियाचा पंप काही वेळ चालूच राहतो, कारण नळ्यांमध्ये उरलेले द्रावण तो टाकीत परत ओढून घेत असतो. जुन्या गाड्यांवर वाढलेला ड्रायव्हर किंवा क्लीनर मात्र बॅटरी उतरू नये म्हणून खाली उतरताच मुख्य कटऑफ स्विच पाडतो. पंप अर्ध्यात थांबतो, द्रावण नळीत आणि फवाऱ्याच्या तोंडाशी राहते, पाणी उडून जाते आणि युरियाचा खडा धरतो. चहा आणि मिसळ आटोपून गाडी पुन्हा सुरू होते तेव्हा काही बिघडलेले दिसत नाही. ही सवय काही आठवडे चालू राहिली की मग फवारा चोंदतो. यावरचा रस्त्याकाठचा उपाय साधा आणि योग्यही असतो : फवाऱ्याचा भाग सोडवून कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, कारण ताजा खडा पाण्यात विरघळतो. जुना, वारंवार तापलेला खडा मात्र निव्वळ युरियाचा उरत नाही; त्यात बाययुरेट आणि सायन्युरिक आम्ल तयार झालेले असते, आणि ते पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. अशा वेळी तारेने खरवडण्याचा मोह होतो आणि फवाऱ्याचे सूक्ष्म छिद्र कायमचे वाकडे होते.

इगतपुरीला समृद्धी महामार्ग जुन्या रस्त्याला भेटतो. नागपूर ते मुंबईजवळच्या आमणे गावापर्यंतचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर कडेला दुकान नाही, टपरी नाही आणि दुचाकीला प्रवेश नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि बंद पडलेल्या ट्रकपर्यंत पोहोचणारा मेकॅनिक हा या देशात बहुतेक वेळा मोटारसायकलवरून, मागे पोराला आणि मध्ये हत्यारांची पेटी घेऊन येत असतो, हे लक्षात घेतले तर बंदिस्त महामार्गाने एका व्यवसायाची वाटच बंद केली असे म्हणावे लागते. जुन्या रस्त्यावर गाडी बिघडली तर दोन-तीन किलोमीटरवर कोणी ना कोणी सापडतो. तो कितपत जाणकार असेल हा प्रश्न वेगळा.

जाणकारीचा हा प्रश्न नाशिकमध्ये अधिक स्पष्ट होतो. सातपूर औद्योगिक वसाहतीत मायको, म्हणजे २००८ पासूनची बॉश, या कंपनीचा डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझले बनवणारा कारखाना आहे, आणि शहरातील एका प्रसिद्ध चौकाला आजही मायको सर्कल म्हणूनच ओळखतात. १९५४ मध्ये टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्यातून भारतात ट्रक बनू लागले, तेव्हापासून पुढची कित्येक दशके डिझेल ट्रक म्हणजे यांत्रिक पंपावर चालणारे इंजिन होते. अशा इंजिनाची तपासणी कानाने, हाताने आणि धुराच्या रंगावरून होत असे : काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, पांढरा म्हणजे इंधन न जळता बाहेर पडते आहे, निळसर म्हणजे ऑइल जळते आहे. नळ्यांतील हवा काढणे, नोझलचा दाब तपासणे, पंपाचे टायमिंग बसवणे ही कामे उस्तादाच्या हाताखाली राहून पोरे शिकत आणि स्वतःची गॅरेजे उघडत. नव्या ट्रकमध्ये धुराचा रंगच नाहीसा झाला. गाळणी सगळी काजळी अडवते, त्यामुळे इंजेक्टर गळत असला, टर्बोची नळी फाटली असली किंवा हवेची जाळी बुजली असली तरी बाहेरचा धूर स्वच्छच दिसतो आणि आत गाळणी भरत राहते. अशी गाळणी घेऊन आलेल्या गाडीत बहुतेक वेळा दोष गाळणीत नसून तिच्या अलीकडे, इंजिनातच असतो. हे ज्या मिस्त्रीला उमगते तो अगोदर टर्बोच्या नळ्या चाचपतो. ज्याला उमगत नाही तो गाळणी जाळतो, पैसे घेतो, आणि थोड्याच दिवसांत तीच गाडी पुन्हा त्याच्या किंवा दुसऱ्याच्या दारात उभी राहते.

गाळणी बुजण्याचे आणखी एक कारण ऑइलच्या डब्यात दडलेले असते. काजळी जळून जाते, पण इंजिन ऑइलमधील रासायनिक द्रव्यांची राख जळत नाही. ती गाळणीत कायमची साठत जाते आणि ठरावीक काळानंतर गाळणी उतरवून खास यंत्रावर साफ करावी लागते. म्हणून सहाव्या टप्प्यातील इंजिनांना कमी राखेचे ऑइल घालावे लागते. दुकानातल्या जुन्या साठ्यातले, आधीच्या टप्प्यांतील ट्रकांसाठीचे ऑइल स्वस्त म्हणून घातले, तर त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत, आणि नेमके त्यामुळेच ते घातले जाते.

ओझर ओलांडून पिंपळगाव बसवंतला पोहोचल्यावर या सगळ्या तांत्रिक चर्चेला काळाचा तगादा येऊन चिकटतो. कांद्याची आणि हंगामात टोमॅटोची मोठी उलाढाल करणाऱ्या या बाजारातून निघालेला माल उत्तरेकडच्या शहरांत वेळेवर पोहोचला तरच त्याला भाव मिळतो. एक दिवस उशीर म्हणजे क्रेटमधल्या टोमॅटोला सुटलेले पाणी. आणि नियमांनी ट्रकला नेमकी उशीर करण्याची शिक्षा ठेवली आहे. धूर साफ करणारी यंत्रणा नादुरुस्त असताना गाडी बेमुदत चालवता येऊ नये, म्हणून युरोपच्या सहाव्या टप्प्याच्या नियमांत चढत्या क्रमाची सक्ती आहे आणि भारतातील नियमही त्याच धर्तीवर आहेत : प्रथम डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो, ठरावीक तास तसेच चालवल्यास इंजिनाची ओढ चतुर्थांशाने कमी होते, आणि त्यानंतरही दुर्लक्ष केल्यास गाडी ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही. ड्रायव्हर म्हणतो, ‘लाइट लागली’, मग म्हणतो, ‘गाडी उठत नाही’, आणि शेवटी, ‘पॉवर कट झाली’. या तीन वाक्यांत नियमाचे तिन्ही टप्पे येतात. युरियाची टाकी रिकामी असणे आणि एखाद्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडणे, या दोन्हींची शिक्षा अखेरीस सारखीच होते, ही या नियमातील सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल. पहिल्यात दोष चालवणाऱ्याचा आहे. दुसऱ्यात तो कोणाचाच नाही.

चांदवडचा डोंगर आणि राहुड घाट मागे पडून मालेगावचा सपाट, कोरडा मुलूख सुरू झाला की रस्त्याकाठच्या दुकानांपुढे डीईएफच्या वीस लिटरच्या बादल्यांच्या उतरंडी उन्हात चमकताना दिसतात. शंभर लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ६ लिटर द्रावण खर्च होते, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीला ते वाटेत कोठे ना कोठे घ्यावेच लागते. या द्रावणाची शुद्धता एका आंतरराष्ट्रीय मानकाने बांधून दिलेली आहे : युरिया ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या आत, बाययुरेट ०.३ टक्क्यांहून अधिक नाही, कॅल्शियम किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त नाही. बोअरवेलच्या पाण्यात शेतीचा युरिया विरघळवून केलेले मिश्रण दिसायला असेच पारदर्शक असू शकते, पण पाण्यातला चुना आणि खतातील अशुद्ध द्रव्ये उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसून तो निकामी करतात. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते, हा या भेसळीमागचा मोह होय; शेतकऱ्यासाठीचे अनुदानित खत असे दुसरीकडे वळवणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हाही आहे. २०१५ पासून देशातील युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, तो खताचा असा गैरवापर रोखण्यासाठीही. पण लबाडी बाजूला ठेवली तरी निव्वळ ऊनही द्रावण बिघडवते. पंचवीस अंशांखाली ठेवलेले द्रावण दीड वर्ष टिकते, तीस अंशांत वर्षभर आणि पस्तीस अंशांत जेमतेम सहा महिने, असे तेच मानक सांगते. खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि बादल्या दुकानाच्या आत नव्हे, गिऱ्हाइकाला दिसाव्यात म्हणून पुढे मांडलेल्या असतात.

या बाबतीत रस्त्यावरच्या गॅरेजांनी आपणहून स्वीकारलेले एक साधन उल्लेखनीय आहे. अपवर्तनांकमापक नावाची, हातात मावणारी छोटी दुर्बीण असते. तिच्या काचेवर द्रावणाचा एक थेंब टाकून उजेडाकडे धरले की आतल्या मोजपट्टीवर युरियाचे प्रमाण वाचता येते. द्राक्षातील साखर मोजण्यासाठी नाशिक भागातील बागायतदार याच जातीचे यंत्र वापरतात. ते शुद्धता सांगत नाही, केवळ प्रमाण सांगते. तरीही पाणी घातलेली बादली ते जागच्या जागी उघडी पाडते, आणि सेन्सर बदलण्याचा मोठा खर्च करण्याआधी टाकी धुऊन नवे द्रावण भरून पाहावे एवढे शहाणपण त्यातून नक्की येते. या द्रावणावर मालवाहतूक किती अवलंबून आहे हे दक्षिण कोरियाने २०२१ च्या अखेरीस अनुभवले : चीनने युरियाच्या निर्यातीवर निर्बंध आणताच तेथे द्रावणाचा तुटवडा झाला आणि डिझेल ट्रक उभे राहण्याची वेळ आली. मालेगावजवळच्या टपरीवर बादली संपली तर एवढा हलकल्लोळ होत नाही, पण त्या एका ट्रकपुरते संकट तेच असते.

धुळे हे या प्रवासातील सर्वांत मोठे दुरुस्तीचे ठाणे म्हणता येईल. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन जुने महामार्ग येथे एकमेकांना छेदतात, सोलापूरकडून येणारा रस्ताही येथेच मिळतो, आणि त्यामुळे चारी दिशांचे ट्रक आणि त्यांच्याबरोबर चारी दिशांचे बिघाड येथे गोळा होतात. येथल्या गॅरेजांत वेल्डिंगचा गॉगल आणि लॅपटॉप एकाच फळीवर ठेवलेले दिसतात. ट्रकच्या डॅशबोर्डखालच्या जोडणीला तार लावून संगणकावर बिघाडाचे क्रमांक वाचले जातात. अवजड वाहनांच्या एका प्रचलित पद्धतीत हे क्रमांक दोन भागांचे असतात : पहिला कोणता भाग हे सांगतो आणि दुसरा त्याला काय झाले हे. उदाहरणार्थ, ४३६४ आणि १८ ही जोडी युरियाच्या उत्प्रेरकाची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षा कमी भरत असल्याचे दर्शवते. ३२१६ आणि ३२२६ हे अनुक्रमे यंत्रणेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नायट्रोजन ऑक्साइड सेन्सरचे क्रमांक होत. क्रमांक वाचता येणे म्हणजे दोष सापडणे नव्हे, हे चांगले मिस्त्री जाणून असतात. कार्यक्षमता कमी असल्याचा संदेश उत्प्रेरक मेल्यामुळे येऊ शकतो, पातळ द्रावणामुळे येऊ शकतो, फवारा चोंदल्यामुळे, धुराची नळी सांध्याशी गळत असल्यामुळे, किंवा ज्या सेन्सरने तो दिला तोच बिघडल्यामुळेही. हा सेन्सर सिरॅमिकचा असून काम करताना सुमारे ८०० अंशांपर्यंत तापतो, आणि तापलेला असताना त्यावर पाण्याचा थेंब पडला तर तडकतो; सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर गाडीखाली मारलेली पाण्याची जोरदार धार पुढच्या महिन्यातल्या बिघाडाचे कारण असू शकते.

येथपर्यंतची दुरुस्ती कौशल्याची आहे. पुढे भिंत लागते. नवा सेन्सर बसवल्यावर त्याची ओळख गाडीच्या संगणकाला करून द्यावी लागते, उभ्या गाडीत रिजन करायचे तर तसा हुकूम द्यावा लागतो, ओढ कमी झाली असेल तर दोष दूर झाल्याची खात्री पटवून ती परत मिळवावी लागते. आणि ही दारे बहुधा कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरनेच उघडतात, जे अधिकृत वर्कशॉपकडे असते. बाजारात फिरणारी नकली किंवा जुनी सॉफ्टवेअरे काही दारे उघडतात, काही उघडत नाहीत. अधिकृत वर्कशॉप शंभर किलोमीटर मागे किंवा पुढे, गाडीचा वेग ताशी २० किलोमीटर, आणि पाठीवर नाशवंत माल, अशा अवस्थेत ‘एमुलेटर’ नावाची काड्यापेटीएवढी डबी विकणारा पुढे येतो. ही डबी तारांमध्ये जोडली की ती गाडीच्या संगणकाला सर्व काही ठीक असल्याचे खोटे संदेश देत राहते. युरियाचा फवारा बंद, खर्च बंद, दिवा बंद. अशाच रीतीने गाळणीची पेटी कापून आतला सिरॅमिकचा गाभा काढून टाकला जातो आणि पेटी पुन्हा वेल्डिंगने शिवली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत असा बदल करता येत नाही, आणि १९० व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण पकडणार कसे? डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराची अपारदर्शकता मोजतात, म्हणजे ती काजळीपुरती असते. नायट्रोजनची ऑक्साइडे तिच्यात मोजलीच जात नाहीत. गाळणी शाबूत ठेवून केवळ युरियाचा भाग डबीने झोपवलेला ट्रक या चाचणीत सन्मानाने उत्तीर्ण होतो आणि ज्या प्रदूषकासाठी एवढा सगळा खटाटोप झाला ते हवेत सोडत निघून जातो. नियम पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेच्या प्रयोगशाळेत अत्यंत काटेकोरपणे तपासला जातो आणि रस्त्यावर जवळपास तपासलाच जात नाही.

या व्यवहाराचा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेलाही ऑगस्ट २०२५ मध्ये, द्रावणाच्या यंत्रणेतील बिघाडामुळे वाहनांची ताकद अचानक जाऊ नये यासाठी सॉफ्टवेअर बदला, अशी सूचना उत्पादकांना करावी लागली. त्या निर्णयामागचे राजकारण काहीही असो, तक्रार जगभर एकच होती हे त्यावरून दिसते. युरोपीय संघाने अवजड वाहनांचा सहावा टप्पा आणणाऱ्या २००९ च्या नियमातच स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती उपलब्ध करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले होते. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश केला. परंतु संकेतस्थळावर माहितीपुस्तिका चढवणे आणि धुळ्याच्या गॅरेजातील लॅपटॉपला रिजनचा हुकूम देता येणे, यांत बरेच अंतर आहे.

नरडाणा आणि शिरपूर मागे पडल्यावर सातपुड्याची रांग समोर येते, आणि पळासनेरपासून बिजासन घाटाची चढण सुरू होऊन रस्ता सेंधव्याकडे, मध्य प्रदेशात जातो. घाटाच्या पायथ्याशी, चढण्यापूर्वी दिवा घालवून घ्यावा म्हणून काही ट्रक कडेला उभे राहून रिजन करताना दिसतात. अर्धा-पाऊण तास इंजिन चढ्या वेगात गुरगुरत राहते आणि धुराच्या नळीच्या तोंडाशी हात नेण्याची सोय नसते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर किंवा ढाब्याच्या ताडपत्रीलगत गाडी उभी करून हे काम करणे म्हणजे आगीला आमंत्रण असते. जाणता ड्रायव्हर त्यासाठी मुरमाची मोकळी जागा शोधतो आणि क्लीनरला मागच्या बाजूला उभा करतो. शिकवणारे कोणी नसताना ड्रायव्हरांनी हे शहाणपण आपापसांत जमवले आहे.

उत्पादकांनी बिघाड वाचण्याची, रिजन करण्याची आणि बदललेल्या भागाची नोंद करण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना परवडेल अशा किमतीत देणे सक्तीचे करावे, आणि त्याच वेळी पीयूसी चाचणीत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मोजमाप आणावे. यांतील पहिले न करता दुसरे केले तर दंड फक्त रस्त्यावर अडकलेल्याला बसेल, आणि दुसरे न करता पहिले केले तर डबीचा धंदा चालूच राहील. हे होईपर्यंत ट्रकमालकांनी आणि ड्रायव्हरांनी निदान दोन गोष्टी पाळाव्यात : द्रावणाची बादली घेताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख वाचावी व उन्हात ठेवलेली बादली घेऊ नये, आणि इंजिन बंद केल्यावर बॅटरीचा कटऑफ पाडण्यापूर्वी दोन मिनिटे थांबावे.